यादीतला शेवटचा आवाज

किळस फक्त डोळ्यांना, नाकाला आणि जिभेला येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी कॉम्प्युटरच्या स्वस्तातल्या साउंड कार्डावर वाजलेली धून ऐकलेली नाही. मी ऐकली आहे. कॉलेजात होते तेव्हापासून, उत्तर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, रोज, आणि तीही एकच. पाटीवर नख ओढावं तसा तो आवाज मधल्या भिंतीतून यायचा, माझ्या दाढा शिवशिवायच्या आणि मी हातातलं पुस्तक आपटून अंगणात जाऊन बसायचे. आत बाबा खुर्चीत ताठ बसून तीच धून पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

बाबा मुळात बँडवाले. वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे. लोकांना वरातीत बँड दिसतो, मला बँडचा कोट दिसायचा. लाल मखमल, खांद्यांवर सोनेरी झालर आणि काखेत साऱ्या लग्नसराईचा घाम. कोट बँडमालकाचा, आज एकाच्या अंगावर तर उद्या दुसऱ्याच्या, आणि धुणं हा प्रकार त्याच्या नशिबातच नव्हता. घरी आले की बाबा क्लॅरिनेटचे तुकडे सोडवायचे आणि आत साचलेली थुंकी अंगणात झटकायचे. मला इतकी शिसारी यायची की त्या कोपऱ्यातून मी कधी चाललेच नाही.

पुढे पायरियानं त्यांचे समोरचे दात गेले. कवळी बसवली. कवळीनं मटण खाता येतं, क्लॅरिनेट फुंकता येत नाही. ऐन मे महिन्यात, घोडीवरच्या नवरदेवासमोर बाबांनी उंच सूर घेतला आणि कवळी सुटून कोटाच्या झालरीत अडकली. वरातीतली पोरं हसली, नवरदेवही हसला. बाबा ती कवळी खिशात घालून घरी आले आणि क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिलं. त्यानंतर ती पेटी मी उघडलेली पाहिली नाही.

मग कॉम्प्युटर आला. सीताबर्डीवरची एक टायपिंगची शिकवणी बंद पडली, तिथला मोडीत निघालेला एक डबा बाबांनी रिक्षात घालून आणला. त्यात साउंड कार्ड होतं आणि सूर मांडायचा एक प्रोग्राम होता. पडद्यावर चौकटी, एकेका चौकटीत माऊसनं ठिपका ठेवायचा, ठिपका वर ठेवला की सूर चढा, खाली ठेवला की उतरता. रांगोळी काढावी तशी बाबा धून काढायचे. कवळी टोचते म्हणून ती काढून पेल्यातल्या पाण्यात टाकायचे आणि पेला मॉनिटरशेजारीच. पडद्याच्या निळ्या उजेडात ते दात माझ्याकडे बघून हसायचे. मला त्या खोलीत चहा गिळवत नसे.

अशा धुनीच्या फाइलीला मिडी म्हणतात. तिच्यात आवाज नसतो, ही गोष्ट पुढे सगळ्यांच्या लक्षात असू द्यावी. आचाऱ्याच्या हातात आपण यादी देतो, स्वयंपाक त्यानं करायचा असतो; तसंच हे. कोणता सूर, कधी, किती जोरात आणि कोणत्या वाद्यात, एवढंच फाइल सांगते. वाद्यांचे क्रमांक जगभर ठरलेले असतात, पियानोपासून सुरू होऊन सव्वाशेच्या वर. त्या क्रमांकाचा आवाज काढायचं काम कार्डाचं. चांगलं कार्ड खऱ्या वाद्याचा नमुना साठवून ठेवतं आणि तो वाजवतं. बाबांचं कार्ड आवाज गणितानं बनवायचं, आणि त्याचं गणित कच्चं होतं. सनई लावा, व्हायोलिन लावा, त्यातून डासच निघायचे.

आता मोठेबाबा. म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आज ऐंशीच्या घरात आहेत, पण शर्टाची इस्त्री मोडत नाही. दर रविवारी विहारातली वंदना आटोपली की ते चहाला आमच्याकडे यायचे, आणि दर रविवारी बाबा त्यांच्यासमोर ती धून लावायचे.

सुरुवात संथ होती. बाबांच्या डोक्यातलं क्लॅरिनेट, कार्डाच्या तोंडून. मोठेबाबा बशीत चहा ओतून ऐकायचे. मग ठेका सुरू व्हायचा. ठेका कसला, कोणी पत्र्यावर ओलं पोतं आपटतंय आणि मधेमधे मूठभर गहू फेकतंय, असा फटफटाट. तो सुरू झाला रे झाला की मोठेबाबा बशी खाली ठेवायचे, उठायचे, दारातल्या चपला पायात घालायचे आणि निघून जायचे. दर वेळी त्याच जागी. बाबा खिडकीतून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघायचे आणि मग धून बंद करायचे.

"बाबा, त्यायले आवडत नाही तं तुम्ही लावता काहून?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आवडाचं काय आहे त्याच्यात," बाबा म्हणाले. "भाऊनं एकदा पुरं ऐकलं पायजे."

मोठेबाबांचा वाजवण्यावरच राग होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि गावी परतल्यावर पहिलं काम केलं ते घरातलं डफडं चुलीत घालायचं. लग्न असो की मयत, गावानं हाक मारली की डफडं गळ्यात अडकवून धावायचं, मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं आणि उष्टं घेऊन घरी यायचं, हा आमच्या बापजाद्यांचा 'मान' होता. तो मान चुलीत गेला. चामडं जळताना जो वास सुटला तो मोठेबाबांना अजून आठवतो; ते तेव्हा शाळकरी होते आणि बाबा रांगत होते. "त्या दिवसापासून आपल्या घरात वाजवणं बंद," असं ते ताठ मानेनं सांगतात, आणि त्या ताठ मानेत माझाही वाटा आहे. त्या उष्ट्याचा नुसता विचार केला तरी आजही मी समोरचं ताट सारून देते.

म्हणून बाबा बँडमध्ये गेले तेव्हा मोठेबाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. "दुसऱ्याच्या दारात वाजवालेच जा लागत होतं, तं बापानं जाळलं कायले?" एवढंच त्यांनी विचारलं होतं म्हणे. पुढे बोलणं सुरू झालं, रविवारचा चहाही सुरू झाला, पण तो प्रश्न चहाच्या कपात तसाच राहिला.

गेल्या वर्षी बाबा गेले. रामदासपेठेतल्या दवाखान्यात होते. नाकात नळी, तोंडात कवळी नाही, गालफडं आत गेलेली. त्यांचं बोलणं कळायचं तर कान तोंडाला लावावा लागायचा, आणि त्या तोंडाला औषधांचा असा वास होता की मी श्वास धरून वाकायचे. एका दुपारी ते म्हणाले, "भाऊले ऐकव. पुरं."

"ऐकवते," मी म्हटलं.

शब्द देऊन बसले. वर्षश्राद्ध आमच्यात नसतं. पहिल्या स्मृतिदिनाला भन्तेजींना बोलावतात, वंदना होते, खीरदान होतं, लोक चार शब्द बोलतात. त्या दिवशी मोठेबाबा येणारच होते. त्यांना खुर्चीत बसवून ती धून शेवटपर्यंत ऐकवायची, इतकं साधं काम. आणि मोठेबाबा उठून का जातात याचं कारण माझ्या मते उघड होतं. तो आवाजच असा होता की जिवंत माणूस उठून जाईल. मी तर कोणत्याही उष्ट्याचा वास न घेतलेली पोरगी, मीसुद्धा उठून जायचे. तेव्हा आधी त्या धुनीला माणसात बसेल असा आवाज द्यायचा, असं मी ठरवलं.

मी मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी करून ठेवलेली घाण हुडकून त्यांच्या नाकासमोर धरायची, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे मला वाटलं, हे काय, चुटकीसरशी होईल.

बाबांचा डबा पलंगाखाली होता. झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरकले. झुरळांच्या लेंड्या, पालीची फुटलेली अंडी, तारा कुरतडून उंदरानं केलेलं घरटं आणि घरट्यात वाळून कागद झालेली दोन पिल्लं. साउंड कार्डावर कसलातरी पिवळा चिकट थर बसला होता. तो कसला हे मी विचारलं नाही. डबा मेलेलाच होता, पण हार्ड डिस्क वाचली. सीताबर्डीवरच्या दुकानदारानं तिच्यातली फाइल काढून दिली. मी दोनदा साबणानं हात धुतले आणि फाइल लॅपटॉपवर उघडली.

क्लॅरिनेटच्या जागी बॅगपाइप वाजायला लागला. ते स्कॉटलंडवाले घागरा घालून काखेत पिशवी दाबत वाजवतात ना, तो. माझ्या बाबांच्या संथ, दुखऱ्या सुरांवर तो बोकडासारखा रेकत होता. मग ठेक्याची जागा आली आणि गोळीबार सुरू झाला. हे मी रंगवून सांगत नाही. खरोखर बंदुकीच्या गोळ्या, तालात, एकीमागून एक, आणि दोन गोळ्यांच्या मधे लोकांच्या टाळ्या. कुणालातरी भर सभेत गोळ्या घालताहेत आणि सभा खूश होतेय, असं ते ऐकू येत होतं.

मला वाटलं फाइल बिघडली. तपासली, तर ठणठणीत. वाद्यांच्या क्रमांकांत खरोखरच बॅगपाइप लिहिलेला होता, टाळ्या लिहिलेल्या होत्या आणि ठेक्यासाठी यादीतलं शेवटचं नाव, बंदुकीची गोळी. त्या जगप्रसिद्ध यादीच्या तळाशी कुणा शहाण्यानं वाद्यं संपल्यावर टेलिफोन, हेलिकॉप्टर, टाळ्या आणि गोळी घालून ठेवली आहे. ज्या माणसाला ही कल्पना सुचली त्याच्या कानाखाली एक आवाज काढावा असं मला वाटलं. मग मनात आलं की दोष लॅपटॉपच्या फुकटच्या आवाजाचा असेल. सेटिंग नीट केली तर ही गोळी गोळीसारखी वाजणार नाही.

इथून पुढचे माझे रविवार सेटिंगमध्ये गेले. धरमपेठेतल्या दुकानातून बाहेरून जोडायचं साउंड कार्ड आणलं, काळं, गुळगुळीत, कडेला निळा दिवा. त्याच्यासोबत जो प्रोग्राम आला त्यात मिडी कुठून वाजवायचं हे निवडायची एक यादी, त्या यादीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. एका ठिकाणी निवड केली की दुसरीकडची आपोआप उडायची आणि वर तो प्रोग्राम 'बदल यशस्वी' म्हणायचा. असलं काम माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर त्याला मी रडवून घरी पाठवलं असतं. खोली कोणती हवी तेही विचारायचा. छोटा हॉल, मोठा हॉल, चर्च, न्हाणीघर. माझ्या बापाच्या स्मृतिदिनाला मी न्हाणीघर निवडावं अशी त्याची अपेक्षा होती.

शिवाय इंटरनेटवर या विषयातल्या जाणकारांची एक जमात भेटली. हे लोक आवाजाला 'उबदार' म्हणतात, 'मखमली' म्हणतात, आणि कोणाची मखमल अस्सल यावरून एकमेकांची आई-बहीण काढतात. मखमलीचा वास कसा असतो ते मला विचारा. त्या सगळ्यांचं एकाच बाबतीत एकमत होतं. आवाज गणितानं बनवायची जुनी पद्धत, जिला एफएम म्हणतात, ती यादीत दिसली तरी निवडू नका, तो कचरा आहे. ते मला सांगायची गरज नव्हती. मी त्या कचऱ्यात वाढले होते.

त्यांच्या सल्ल्यानं मी खऱ्या वाद्यांच्या नमुन्यांची भलीमोठी बँक उतरवून घेतली. डाउनलोड रात्रभर चाललं. सकाळी धून लावली, तर बॅगपाइपची पिशवी फुगल्याचाही आवाज येत होता, आणि गोळी इतकी खरी झाली होती की शेजारची काकू खिडकीत येऊन विचारून गेली. आणखी महागडी बँक लावली, तर गोळीनंतर पितळी पुंगळी फरशीवर टणटण पडल्याचं ऐकू आलं. जितकी सेटिंग सुधारत होती तितका माझा बाप विदूषक होत होता. त्या निळ्या दिव्याचा मला इतका वीट आला की त्याच्यावर मी काळी चिकटपट्टी लावली.

शेवटी मी वाकडी वाट धरली. फाइलीतले क्रमांक बदलले. बॅगपाइप काढून बासरी घातली, गोळ्या काढून तबला, टाळ्या काढून घुंगरू. खोली छोटा हॉल. आता धून कशी छान, गुळगुळीत, सभ्य झाली. हॉटेलात सूप पिताना मागे वाजत असतं आणि कुणी ऐकत नसतं, तशी. ही ऐकून कोणी उठून जाणार नाही याची मला खात्री होती. मी लॅपटॉप घेऊन आईकडे गेले.

आई खाली बसून मेथी निवडत होती. तिनं धून ऐकली. पुरी ऐकली, मधे एकदाही मान वर केली नाही.

"कोणाचं आहे वं हे?" तिनं विचारलं.

"बाबाचं आहे. तेच. मी आवाज फक्त चांगला केला."

"अन् ठेका कुठं गेला?"

मी चिडले. तिला मूळची फाइल लावून दाखवली, बॅगपाइप, गोळ्या, टाळ्या, सगळं. "याले ठेका म्हणतं तू? ही बंदूक आहे आई. बाबानं बंदूक लावली होती तिथं. इंग्रजीत सरळ लिहून आहे."

"बंदूक कायले लावतीन ते?" आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "नावं वाचतच नव्हते ते. म्हणत, नावानं काय होते, क्लॅरिनेट लिहिलेलं होतं अन् मच्छर निघाला. डोये मिटून बसत, एकेक आवाज दाबून पाहेत. मी पोया लाटता लाटता 'नाही, नाही' म्हणो. सारे सरले बाप्पा. शेवटचा एकच राह्यला होता. त्याले मी 'हो' म्हटलं."

"हो कायले म्हटलं?"

"डफडं होतं ना वं ते."

आईनं बोटांनी फरशीवर वाजवून दाखवलं, गोळीच्या जागी जाड काडीचा घाव आणि टाळ्यांच्या जागी बारीक काडीची चरचर, ओलं पोतं आणि मूठभर गहू. इतकी वर्षं मी ज्याला फटफटाट म्हणत होते ते तिच्या बोटाखाली सरळ चालत होतं. आई सासऱ्यांना मामाजी म्हणते. ती म्हणाली, "मामाजीचं आहे हे. डफडं जाळलं त्यायनं, पुन्हा कधी हात नाही लावला. पण शेवटी बिमार पडले, शुद्ध नव्हती, तं लोखंडी खाटेच्या पट्टीवर बोटं चालत राहेत. हेच. दोघं भाऊ उशाशी बसून राहेत. तुया बाबाले तिथंच पाठ झालं. तुया मोठेबाबालेही पाठच असन."

म्हणजे मोठेबाबा आवाजाला कंटाळून उठत नव्हते. ज्या कचरा कार्डातून सनई निघत नव्हती, क्लॅरिनेट निघत नव्हतं, त्यातून बाबांनी आजोबांचं डफडं काढलं होतं आणि ते मोठेबाबांना पहिल्याच रविवारी ओळखू आलं होतं. बाबाही ते जाणून होते. आणि तरी दर रविवारी लावत होते. पुरं ऐकलं पाहिजे म्हणत होते.

आता माझ्यापुढे दोन फाइली होत्या. तबल्याची लावली तर मोठेबाबा शेवटपर्यंत बसतील, लोक 'छान' म्हणतील, मी दिलेला शब्द कागदोपत्री पुरा होईल. मूळची लावली तर ते उठून जातील, तेही साऱ्या वस्तीसमोर, बाबांच्या फोटोसमोर. मी आईला तसं सांगितलं.

"जातीन तं जातीन," आई म्हणाली. "पण त्यायचंच लाव. हे हॉटेलवालं नको लावू, मले मळमळते."

मला तिची मळमळ समजली. त्या गोड बासरीची पहिल्यांदाच मला शिसारी आली. डफडं लाजिरवाणं म्हणून पुसायचं आणि तिथं दुसऱ्यांच्या बैठकीतला तबला मांडायचा, हे उष्टं तर आणखी वाईट होतं. मी क्रमांक जसेच्या तसे परत घातले आणि सेटिंगची यादी उघडून अगदी तळाशी गेले. तिथं ते होतं, करड्या अक्षरांत, कोणी निवडू नये म्हणून ठेवल्यासारखं. एफएम. निवडलं. 'आवाजाचा दर्जा कमी होईल, पुढे जायचं का?' असं त्या प्रोग्रामनं विचारलं. मी त्याला एक शिवी दिली आणि पुढे गेले.

आणि तो आला. तोच. पाटीवरचं नख, भिंतीतला डास. माझ्या दाढा शिवशिवल्या, मानेवर काटा आला, मॉनिटरशेजारचा पेला आणि त्यातले दात डोळ्यांपुढे आले. मग बंदुकीच्या नावाखालून डफडं सुरू झालं. आई मेथीच्या पानांवर हात ठेवून बसली होती. "हां," ती म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली.

स्मृतिदिनाला घरासमोर छोटा मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यातली माणसं, समोर मेणबत्त्या, बाबांचा फोटो. फोटोत कवळी आहे, त्यामुळे ते जरा परके दिसतात. वंदना झाली, भन्तेजी बोलले, वस्तीतले दोघंतिघं बोलले. बाबांच्या बँडमधला कोणी आला नव्हता. माझ्या ऑफिसातले चारपाच जण मागच्या रांगेत बसून खिरीची वाट बघत होते, आणि त्यांच्यासमोर हा आवाज लावायची मला लाज वाटत होती. मोठेबाबा पहिल्या रांगेत. हातात चहाची बशी. मी स्पीकर त्यांच्या खुर्चीजवळ ठेवला आणि आवाज इतका बारीक केला की त्यांच्यापर्यंत पोचावा, मागच्या रांगेपर्यंत जाऊ नये.

"बाबांनी बनवलेली धून आहे," एवढंच सांगून मी बटण दाबलं.

डासांचं क्लॅरिनेट सुरू झालं. मागे कुणीतरी खाकरलं, कुणाचा मोबाईल वाजला. मोठेबाबा बशीकडे बघत होते. मग ठेका आला. त्यांनी बशी खाली ठेवली. खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि उठले, नेहमीसारखे, नेहमीच्याच जागी. बाबा, नाही जमलं मला, असं मी मनात म्हटलं आणि धून बंद करायला हात पुढे केला.

मोठेबाबा चपलांकडे गेले नाहीत. उभेच राहिले. वंदनेला उभे राहतात तसे, हात जुळलेले नव्हते एवढंच; ते दोन्ही बाजूला सरळ होते आणि इस्त्रीच्या पँटच्या शिवणीवर उजव्या हाताची बोटं हलत होती. ठेका चालला तितका वेळ ती हलत होती. ठेका थांबला, क्लॅरिनेट परत आलं, धून संपली. मांडवातला पंखा तेवढा घरघरत होता. वस्तीतली दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत होती.

मोठेबाबा स्पीकरकडे वळले. डोळे लाल झाले होते आणि आवाज हेडक्लार्कचाच होता.

"आवाज एवढा लहान काहून ठेवला वं?" ते म्हणाले. "चोरून वाजवून राहिली का? वाढव. अन् पयल्यापासून लाव."

तो आवाज मला आजही तितकाच किळसवाणा वाटतो. मी तो होता तितका सगळा वाढवला.